वैऱ्याची कबर कशाला सांभाळायची?

रजेवर निघालो होतो. यशवंतपूरच्या फलाटावर पंढरपूरला जाणाऱ्या गोलगुंबझ एक्सप्रेसची वाट बघत बसलो होतो. शेजारी सोलापूरचे एक काका. गाडीच्या नावावरून विषय निघाला तसे म्हणाले, "फौजीभाऊ, त्या आदिलशहाच्या घुमटावर सरकार पैसा कशाला घालतं? आपल्या महाराजांचे वैरी ते!"

तेव्हा गप्प बसलो. उत्तर इथे देतो.

विजापूरच्या त्या घुमटाखाली 1656 साली वारलेला मुहम्मद आदिलशहा आहे. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर, आणि मधे एकही खांब नाही. सगळा भार एकमेकींना छेदणाऱ्या कमानींवर. असलं काम उभारणाऱ्या सत्तेपुढे मूठभर मावळे घेऊन महाराज उभे राहिले. शत्रू केवढा होता हेच दिसलं नाही, तर पराक्रम केवढा होता हे कसं कळणार? घुमट ढासळला तर पुरावा आपलाच जाईल.

राहिला वैराचा प्रश्न. अफजलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी आहे. 1999 साली कारगिलमध्ये पाकिस्तानने नाकारलेले मृतदेह आपल्याच जवानांनी रीतसर दफन केले. लढाई जिवंत माणसाशी असते, हे फौजेत वेगळं शिकवावं लागत नाही.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मागच्या खेपेस घुमटाच्या सज्जात चढलो होतो. तिथे भिंतीशी कुजबुजलं तरी पलीकडच्या टोकाला ऐकू जातं. पण कुजबुजतो कोण? जो तो बोंब मारत होता. भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावं, बदाम, तारखा. त्यात देवनागरीही भरपूर. 2010 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित वास्तूची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येक कोरणाऱ्यामागे पोलीस कुठून आणणार?

आणि काका, हीच गाडी दावणगेऱ्यावरून जाते. त्याच जिल्ह्यात होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. 1664 साली राजे तिथेच गेले. ज्या बंगळुरात आपण गाडीची वाट बघत होतो, ती त्यांची जहागीर, आदिलशाहीनेच दिलेली. वैऱ्याची कबर पाडा म्हणणाऱ्यांपैकी किती जण त्या समाधीवर फूल वाहायला उतरलेत?

आधी तिथे उतरा. मग घुमटाचं बोलू.