प्रसूतिगृहातील सावधगिरी : सर्व मातांसाठी एकच नियम

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात शिप्रा व पुवा या दोन सुइणी आपल्याला भेटतात. देवाचे भय बाळगून त्यांनी फारोची आज्ञा मोडली आणि नवजात बालकांना जगविले. नांदेड-लातूरच्या उपकेंद्रांतील आरोग्यसेविका व प्रसूतिगृहांतील परिचारिका आज हाच वारसा चालवीत आहेत. दुसऱ्यांचे प्राण जपणाऱ्या या हातांची काळजी कोण घेतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २००५-०६ साली सुमारे ६५ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होत असत. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचले. गावच्या दाईला पूर्वी 'पाच स्वच्छता' शिकविल्या जात. त्यांचा मुख्य रोख माता व बालकाला जंतुसंसर्गापासून वाचविण्यावर होता. रक्तातून प्रसूती करणाऱ्या स्त्रीलाच होणाऱ्या संसर्गाचा विचार एचआयव्हीच्या आगमनानंतर अपरिहार्य झाला.

बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन असते. धोका अल्प आहे. भीती मात्र मोठी आहे. या भीतीपोटी जिच्या कागदावर एचआयव्हीची नोंद आहे तिच्यासाठी दुहेरी हातमोजे, आणि इतरांसाठी कधी उघडे हात, असा भेद होण्याचा संभव असतो. तो दोन्ही बाजूंनी घातक आहे. संसर्गानंतर काही आठवडे चाचणीत दोष दिसत नाही. मुखेड-कंधारकडून ऊसतोडणीला गेलेली गरोदर स्त्री परक्या गावी प्रसूत झाली, तर तिचे कागद सोबत असतीलच असे नाही. आणि जिला वेगळे वागविले जाते, तिचे गुपित साऱ्या वॉर्डात उघडे पडते.

म्हणून नियम एकच : प्रत्येक प्रसूतीला हातमोजे व ॲप्रन, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावणे, ती न भेदणाऱ्या डब्यात टाकणे. सुई टोचलीच, तर जखम न दाबता साबण-पाण्याने धुवावी आणि शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत, प्रतिबंधक औषध सुरू करावे. ते २८ दिवस घ्यावे लागते. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ही साधने, प्रशिक्षण व औषध पुरविणे आरोग्यसंस्थांवर बंधनकारक केले आहे. रुग्णाची गुप्तता राखणे व भेदभाव न करणे, हीदेखील त्याच कायद्याची आज्ञा आहे. तेव्हा हातमोजे संपलेले असताना केवळ सेविकेला दोष देणे हा अन्याय ठरेल.

उपचारांविना बाधित मातेकडून बालकाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ते पाच टक्क्यांखाली येते. परंतु अपमानाच्या भीतीने माता दवाखान्यापासून दूर राहिली, तर औषध असूनही बालक वंचित राहते.

धर्मग्रामातील महिला मंडळांनी गरोदर भगिनींना वेळीच चाचणीसाठी सोबत न्यावे, उपकेंद्रातील साधनांची ग्रामसभेत विचारपूस करावी आणि कुणाच्या आजाराची कुजबुज आपल्या दारातच थांबवावी. पवित्र मरियेने गरोदर एलिझाबेथचे घर गाठले व सुमारे तीन महिने तिच्यासोबत राहिली. आपल्या गावातील मातांना आणि त्यांच्या सेविकांना अशीच सोबत हवी आहे.