डबा गरम, नेट गार!

मंगळवार, रात्रीचे नऊ. कव्हर स्टोरीचा शेवटचा इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर चालू. समोरच्या बाई नेमक्या मुद्द्यावर आल्या आणि स्क्रीन फ्रीझ! फ्रीलान्सरचं कसं असतं, स्टोरी हातची गेली की त्या महिन्याच्या भाड्याचे वांधे.

इंटरनेटवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग ट्यूब पेटली. हे रोज याच वेळी होतं, आणि रोज याच वेळी रूममेट ऑफिसातून येऊन डबा गरम करते. आमचा राउटर कुठे विराजमान? मायक्रोवेव्हच्या डोक्यावर!

मायक्रोवेव्ह चालतो साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवर, आणि वाय-फायचा जुना बँडही २.४ चाच. ओव्हनमधून जराशी गळती झाली तरी सिग्नलची वाट लागते. खात्रीसाठी मायक्रोवेव्ह चालू ठेवून लॅपटॉपला केबल लावली. स्पीड ठणठणीत! म्हणजे इंटरनेटवाले निर्दोष.

राउटर उचलून हॉलमध्ये उंचावर ठेवला. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर घेतला. हा बँड वेगवान, पण भिंती आल्या की लवकर दमतो, म्हणून बेडरूममधले फोन २.४ वरच ठेवले. तिथे सोसायटीभरच्या राउटर्सची गर्दी. एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा ११ निवडला.

बाईंनी बुधवारी पुन्हा वेळ दिला. रात्री नऊचीच! किचनमध्ये डबा फिरत होता, कॉल मात्र अडखळला नाही. तुमचंही नेट ठरावीक वेळीच रुसतं का? कस्टमर केअरआधी किचनमध्ये डोकावा.