विजेचा अंदाज चुकला, तर विठ्ठलवाडीच्या बिलात काय येतं?

2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने 2070 पर्यंत 'नेट झिरो' होण्याचं जाहीर केलं. म्हणजे जितका कार्बन हवेत सोडू, तितकाच शोषून घेऊ. पण कोळशावरची वीज कधी कमी करायची आणि सौरऊर्जा किती वाढवायची? हे गणित संगणकावरची मॉडेल्स मांडतात. ते चुकलं, की भुर्दंड ग्राहकाला बसतो.

मॉडेल काय करतं?

लोकसंख्या, उत्पन्न, इंधनाचे दर असे आकडे आत घालायचे आणि 'असं झालं तर काय होईल' याची चित्रं काढायची. नीती आयोगाने 2047 पर्यंतच्या ऊर्जेसाठी असं एक साधन ऑनलाइन खुलं केलं आहे. मॉडेल भविष्य सांगत नाही. गृहीतकं बदलली, की उत्तरही बदलतं.

चूक किती मोठी असते?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 18व्या पाहणीने 2021-22 मध्ये देशाची कमाल मागणी सुमारे 283 गिगावॉट होईल, असं म्हटलं होतं. 19व्या पाहणीत हा आकडा 226 वर आला. प्रत्यक्षात मागणी 203 च्या आसपास राहिली. मध्ये कोरोना आला हे खरं, पण फरक तेवढ्यापुरता नाही.

सौरऊर्जेत उलटं झालं. 2010 च्या लिलावात युनिटचा दर 10 रुपयांच्या वर होता. डिसेंबर 2020 मध्ये गुजरातमध्ये तो 1.99 रुपयांवर आला. इतकी घसरण बहुतेक मॉडेल्सनी धरलीच नव्हती.

बिलाशी काय संबंध?

औष्णिक प्रकल्पांशी वीजखरेदीचे करार साधारण 25 वर्षांचे असतात. प्रकल्प तयार असेल, तर वीज न घेताही वितरण कंपनीला ठरावीक रक्कम द्यावी लागते. ती शेवटी सगळ्यांच्या वीजदरात मिसळते. अंदाज कमी पडला, तर भारनियमन. महाराष्ट्राने 2000 च्या दशकात तेही सोसलं आहे.

सुधारणा कुठे हवी?

पहिली, वर्षाच्या सरासरीऐवजी तासाचा हिशेब. उकाड्यात पंखे आणि एसी रात्रभर चालतात, तेव्हा सौर पॅनल बंद असतात.

दुसरी, गल्लीतलं वास्तव. मॉडेल छताची जागा मोजतं. कल्याण आणि उल्हासनगरच्या मधल्या विठ्ठलवाडीसारख्या दाट वस्तीत मात्र एका छतावर अनेक कुटुंबांचा हक्क असतो. 'पीएम सूर्यघर' योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. पण इमारत पुनर्विकासाला जाणार असेल, तर 25 वर्षं टिकणारं पॅनल बसवणार कोण?

तिसरी, गृहीतकं सगळ्यांसमोर मांडणं. वीजदर ठरवताना राज्य वीज नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि कोणताही ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. दर किती वाढणार, हे तिथे सगळेच विचारतात. मागणीचा अंदाज कशावरून काढला, हेही विचारायला हवं.