शर्यत जवळ, नडगी दुखरी

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली की अस्थिरोग ओपीडीत दुखऱ्या नडग्या दिसू लागतात. अशा धावपटूचा दिवस ठरलेला. सकाळी पलंगावरून उतरताना पाय चाचपायचा, स्टेशनचा जिना कठडा धरून उतरायचा, ऑफिसात टेबलाखाली बर्फाची पिशवी आणि रात्री ग्रुपवर इतरांचे किलोमीटर बघत बसायचे. फी भरली आहे, तेव्हा वेदनाशामक गोळी घेऊन पळायचे, असा बेत.

हा बेत चुकीचाच. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो आणि तिथेच फसगत होते. एमआरआयमध्ये चीर दिसते. गोळीने ती सांधत नाही, फक्त दुखणे दबते. शिवाय घाम गाळत 42 किलोमीटर पळताना आयब्युप्रोफेनसारखी औषधे मूत्रपिंडांना बाधू शकतात. साधारण 6 ते 8 आठवडे पळणे बंद. दुखत नसेल तर सायकल, पोहणे चालेल. पुन्हा पळायचे ते चालताना आणि उडी मारताना दुखेनासे झाल्यावर, शर्यतीची तारीख बघून नव्हे.