आधी तापाचा दिवस मोजा
पावसाळा लागला, की नागपुरात घरोघरच्या कूलरच्या टाकीत डेंग्यूचा एडिस डास वाढतो आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. रक्ताचा अहवाल हाती येताच घरच्यांची नजर थेट प्लेटलेटवर जाते. खरं तर आधी तापाचा दिवस मोजायला हवा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१, म्हणजे विषाणूचंच प्रथिन, सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं त्यानंतर. दुसऱ्याच दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली म्हणून दुखणं अंगावर काढणं फार धोक्याचं. नुसती आयजीजी प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह असेल, तर तो बहुधा जुन्या संसर्गाचा माग. झटपट किटवर सरकारी यंत्रणा निदान पक्कं धरत नाही, एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. तिची आयजीएम किटं पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तयार करते. ताप उतरल्यावरचे दोन दिवस मात्र सर्वांत जपायचे: पोट दुखलं, उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठावा.