रंगाआधीची भिंत

घरातील एखादी खोली थोड्या पैशांत आणि घरच्यांच्याच हातांनी नव्यासारखी करायची म्हटली की मराठी कुटुंबात पहिली चर्चा रंगाच्या छटेची होते आणि दुसरी, दिवाळीच्या आत काम उरकेल की नाही, याची. या दोन्ही चर्चा बहुधा भिंतीकडे नीट न पाहताच होतात आणि पैसा वाया जायला तेथूनच सुरुवात होते. रंग हा भिंतीवरचा शेवटचा आणि सर्वांत पातळ थर असतो. तो किती वर्षे टिकेल हे डब्याच्या किमतीपेक्षा त्याच्या खाली काय आहे यावर, म्हणजे भिंतीत ओल किती मुरली आहे, जुने पोपडे निघाले आहेत की नाहीत, भेगा भरल्या आहेत की नुसत्या झाकल्या आहेत, यावर अधिक अवलंबून असते. म्हणून कमी खर्चाच्या सजावटीत घरच्यांचे श्रम रंगाआधीच्या कामाला लागावेत आणि कामाचा मुहूर्त भिंतीच्या ओलीवरून ठरावा, असे या स्तंभाचे आग्रहाचे म्हणणे आहे.

हिशेब अगदी साधा आहे. दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीच्या चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट भरते. दार-खिडकी वजा जाता ते सुमारे ४०० उरते, म्हणजे रंगाऱ्याच्या भाषेत चार ब्रास, कारण बांधकामाच्या व्यवहारात १०० चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात. छताचे १२० चौरस फूट वेगळे. या क्षेत्रफळावर जो दर सांगितला जातो त्यात जुना रंग खरवडणे, पॉलिशपेपरने घासणे, प्राइमर म्हणजे रंगाला भिंतीशी धरून ठेवणारा पहिला थर देणे, खळगे आणि भेगा बुजवण्यासाठी लांबी भरणे आणि मग रंगाचे दोन हात देणे, अशी निरनिराळ्या कसबाची कामे एकत्र बांधलेली असतात. त्यांपैकी लांबी पत्र्याने एकसारखी ओढणे आणि छताजवळची रेघ कुंचल्याने सरळ काढणे याला सरावलेला हात लागतो. खरवडणे, घासणे, धूळ पुसणे आणि सामान हलवणे याला मात्र वेळ आणि चिकाटी पुरते. ठेक्याच्या कामात घाई होते ती नेमकी याच दुसऱ्या भागात, कारण रंग चढल्यावर तो भाग कोणाला दिसत नाही. घरच्यांनी तो अंगावर घेतला तर मजुरी वाचते आणि कामही अधिक चोख होते. कुशल भागासाठी रंगाऱ्याला दोन दिवस बोलावून त्याच्या कसबाचे पूर्ण दाम द्यावे, त्यात घासाघीस करू नये.

भिंत तयार आहे की नाही हे ओळखण्याच्या दोन परीक्षा बिनखर्चाच्या आहेत. कोरडा तळवा भिंतीवर दाबून फिरवला आणि त्यावर पांढरी पूड आली, तर जुन्या थराची पकड सुटलेली असते आणि त्यावर दिलेला कोणताही रंग त्या पुडीसकट निघून येतो. दुसरी परीक्षा ओलीची. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावे. थेंब प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला जमले असतील तर पाणी भिंतीतून येत आहे, आणि बाहेरच्या बाजूला जमले असतील तर खोलीतील दमट हवा थंड पृष्ठभागावर द्रवते आहे. पहिल्या स्थितीत गळकी वाहिनी, वरच्या मजल्याची मोरी किंवा बाहेरच्या भिंतीची भेग शोधल्याशिवाय रंगावर एक रुपयाही घालू नये. दुसऱ्या स्थितीत खिडकी उघडी ठेवणे आणि भिंतीला टेकलेले कपाट चार बोटे पुढे ओढणे एवढ्यानेही बराच फरक पडतो.

येथे दिवाळीचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातून मोसमी पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास माघार घेतो आणि दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येते, त्यामुळे चार महिने पाणी प्यायलेल्या भिंतीला वाळायला पुष्कळदा दोन-तीन आठवडेच मिळतात. अशा भिंतीवर प्लास्टिक पेंटचा थर बसला की आतील ओल बाहेर पडण्याची वाट अडते. ती विटा आणि गिलाव्यातील क्षार विरघळवून पृष्ठभागाकडे आणते, तेथे पाणी उडून क्षार उरतात आणि भिंतीला लोणा लागतो, म्हणजे पांढरट, भुसभुशीत पापुद्रा येऊन रंग फुगतो. कोकणातील जांभ्याच्या घरांत आणि पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत हे विशेषकरून घडते. त्याच दिवसांत रंगाऱ्यांना सर्वाधिक मागणी असते, म्हणजे भिंत सर्वांत ओली आणि कारागीर सर्वांत घाईत, अशा वेळी कुटुंब आपली पुंजी खर्च करते. सणाला घर उजळावे ही भावना खरी आणि जपण्यासारखी आहे, पण ती भिंतीच्या रंगावाचूनही पुरी होऊ शकते. रंगाचे काम पौष-माघातील कोरड्या हवेत ढकलले आणि पाडव्याची गुढी रंगवलेल्या घरावर उभारली, तर परंपरेला कोठेही बाध येत नाही.

जुन्या, चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतींसाठी स्वस्त आणि योग्य असा पर्याय आजही चुन्याचाच आहे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विझवल्यावर प्रचंड उष्णता निघून त्याची मऊ लगदी होते आणि ती भिंतीवर पातळ लावल्यावर हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीच्याच रूपात घट्ट होते. हा थर ओलीची वाफ बाहेर जाऊ देतो, आणि चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही. लगदी वस्त्रगाळ करून ताकाइतकी पातळ करतात, पकडीसाठी तीत डिंक किंवा सरस घालतात, पिवळट झाक मारण्यासाठी किंचित नीळ घालतात, आणि रंग हवा असेल तर पिवडी किंवा गेरू मिसळतात, कारण मातीचे हे रंग चुन्यात फिके पडत नाहीत. कोकण-गोव्यातील कावी कलेत चुन्याच्या गिलाव्यावर काव म्हणजे तांबड्या मातीचा थर देऊन नक्षी कोरतात, ती याच गुणावर टिकली आहे. भिंत आधी पाण्याने भिजवावी लागते. पहिला हात लावताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, खालचे डाग तसेच दिसत राहतात आणि नवशिक्याला काम फसले असे वाटते. मग तो दाट थर देतो आणि जाड लागलेला तो थर वाळल्यावर तडकून सुटतो. धीर धरून सोडलेला पातळ हात मात्र वाळता वाळता पांढरा होत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात भिंत उजळलेली दिसते. प्लास्टिक पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही आणि फोडणीच्या ओट्यामागे तो टिकत नाही, हे आधीच ध्यानात घ्यावे. चुना डोळ्याला आणि कातडीला भाजतो, म्हणून विझवण्याचे काम जाणत्या माणसानेच करावे, चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये आणि मुलांना तेथून लांब ठेवावे.

मुलांना लांब ठेवण्याचे याहून गंभीर कारण जुन्या दारा-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये असू शकते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांहून अधिक नसावे असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे किती असेल याची खात्री देता येत नाही आणि मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाचे अगदी थोडे प्रमाणही घातक ठरते. म्हणून घट्ट बसलेला जुना थर उगाच उचकटू नये, जेथे सुटला आहे तेथे पाणी मारून ओला असतानाच घासावा, तो ज्योतीने जाळून काढू नये, खाली अंथरलेल्या कागदांसकट कचरा गुंडाळून उचलावा आणि केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने जमीन पुसावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांचा या कामात हात लागता कामा नये, मग मदतीला माणसे कितीही कमी असोत.

घरच्यांची मदत फुकट असते, हा समज अशा कामात हमखास ऐकू येतो आणि त्याची झळ बहुतेक वेळा घरातील बाईला बसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यासाठीचा दैनंदिन सरासरी वेळ २९९ मिनिटे, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. रोलर हातात घेण्याचे दोन दिवस पुरुष मंडळींचे, आणि मांडणीवरची भांडी उतरवणे, डबे रिकामे करून पुसणे, पसाऱ्यातच सर्वांचा स्वयंपाक करणे आणि नंतर आठवडाभर फरशीवरचे शिंतोडे घासत बसणे हे बाईचे, अशी वाटणी असेल तर खर्च वाचलेला नसतो, तो एकाच माणसाच्या नावावर मांडलेला असतो. अंदाजपत्रकात रुपयांच्या रकान्याशेजारी तासांचा एक रकाना आखून त्यात प्रत्येकाचे नाव लिहिले, आणि रंगकामाच्या दिवसांत दोन वेळचा डबा बाहेरून आणण्याचा खर्च त्यातच धरला, तर काम खऱ्या अर्थाने सगळ्या घराचे होते. ज्याचे तास सर्वांत जास्त, त्याचा शब्द रंगाच्या निवडीत अखेरचा असावा, हेही न्यायाला धरूनच आहे.

जागा लहान असेल तर क्रमाला फार महत्त्व येते. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संसार बाहेर काढायला जागाच नसते, म्हणून आधी पोटमाळा रिकामा करून तेथील निरुपयोगी सामान कायमचे काढून टाकणे आणि मग एकेक भिंत सोडवत जाणे हीच रीत चालते. भाड्याच्या घरात, जेथे करार अकरा महिन्यांचा असतो, भिंतीपेक्षा सोबत नेता येतील अशा वस्तूंवर खर्च करणे शहाणपणाचे. सुमारे आठ मीटर लांबीच्या जुन्या सुती नऊवारीतून दीड मीटरचे पाच पडदे निघतात आणि काठ खाली ठेवून शिवले तर त्यांना वेगळी झालर लावावी लागत नाही.

ज्यांना यंदाच्या दिवाळीआधीच घर सजवायचे आहे त्यांनी भिंती सोडून बाकीचे हाती घ्यावे: दाराच्या बिजागऱ्यांना तेल, खिडक्यांच्या काचा, पडदे, गोधड्यांना ऊन, माळ्याची आवराआवर. प्लास्टिकचा तुकडा तेवढा आजच सर्वांत ओल्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावा आणि दर महिन्याला तो पाहून तारीख टिपावी. ज्या महिन्यात त्याची आतली बाजू कोरडी राहील, त्या महिन्यात रंगाऱ्याला निरोप धाडावा.