आराखडा जोडलेला नाही

उचगावात बसून कोणी जहाज बांधतो म्हटले की लोक आधी हसतात. एका अंगाला महामार्गावरच्या ट्रकांची रांग, जवळच गांधीनगरची कापडपेठ, पलीकडे शिरोलीचे कारखाने. समुद्र पाहायचा तर घाट उतरावा लागतो. निवृत्तीनंतर मी गच्चीवरच्या खोलीत लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करायला बसलो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच दिवशी विचारले, "हे तरंगवणार कुठं? पंचगंगेत की बादलीत?"

पण कोल्हापूरचा समुद्राशी संबंध नाही, हे तितकेसे खरे नाही. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा मातीखालून पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, ब्राँझची मूर्ती निघाली. वीतभरसुद्धा उंचीची नाही. ज्यांनी टाऊन हॉलचे संग्रहालय फक्त शाळेच्या सहलीत पाहिले, त्यांनी पुन्हा जावे. आणि आरमाराचे म्हणाल, तर मालवण व सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते. १७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचे नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवले, पुढे तो परत केला, आणि १८१२ च्या तहाने मालवणसह कायमचा घेतला. म्हणजे आमचा समुद्र सुटला, त्याला दोनशे वर्षे झाली एवढेच.

माझे पहिले जहाज मात्र परके होते. मुलीने वाढदिवसाला तयार संच आणून दिला, नेल्सनच्या 'व्हिक्टरी'चा. योगायोग असा, की हे जहाज पाण्यात उतरले तेही १७६५ मध्येच. संचात प्रत्येक बरगडीवर क्रमांक, प्रत्येक फळीला जागा. तयार संचांना नाक मुरडणारे पुष्कळ असतात. मी त्यांतला नाही. त्या डब्याने मला एक गोष्ट दाखवली. कोणीतरी त्या जहाजाचे माप घेऊन ठेवले आहे. मूळ जहाज पोर्ट्स्मथला जपले आहे, कागदही जपले आहेत. म्हणून अडीचशे वर्षांनी उचगावातला एक पेन्शनर ते पावइंचाला एक फूट या प्रमाणातसुद्धा बांधू शकतो.

अर्थात त्यातही माझी फजिती झालीच. नाळेकडच्या फळ्या वाकवताना एकामागून एक सात कडाकड मोडल्या. शेजारी एक निवृत्त पॅटर्न मेकर राहतात. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फौंड्रींसाठी आयुष्यभर लाकडी साचे करण्यात त्यांचे दिवस गेले. ते वर आले, मोडलेल्या फळ्या उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाले, "साहेब, रेषा बघितल्याशिवाय लाकूड वाकवायचं नसतं. आधी गरम पाण्यात भिजवा, मग लाकूड कुठं जायचं म्हणतंय ते बघा." त्यांनी मला त्यांची पट्टीही दाखवली. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आक्रसते, म्हणून पॅटर्नवाल्याचा फूट खऱ्या फुटापेक्षा किंचित मोठा असतो! बँकेत मी तीस वर्षे शेकडेवारीशी खेळलो, पण एक टक्का असा हाताला लागलेला पहिल्यांदाच पाहिला. आता संगणकावर चालणारी यंत्रे साचे कापतात. त्यांच्या पटाश्या पेटीत होत्या; त्यांतल्या चार सध्या माझ्याकडे आहेत.

दुसरे जहाज आपले करायचे ठरवले, गलबत. आणि तिथेच अडलो. आंग्र्यांवर भाषणे करणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. शिवजयंतीच्या देखाव्यात थर्माकोलची गलबते दरवर्षी तरंगतात. पण गलबत किती हात लांब, त्याच्या पोटाचा बाक कसा, बरगड्यांत अंतर किती, असे विचारले की सगळे गप्प. लेखी वर्णन शोधत गेलो तर हाताशी आला रॉबर्ट ऑर्म हा अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार. तो सांगतो, की गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, तीन काठ्यांचे सुमारे तीनशे टनांचे; गलबत क्वचितच सत्तर टनांपुढचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. टन कळले, वल्ही कळली. बाक नाही कळला. अंदाजाने बांधले. दिसायला बरे दिसते. पाहुणे कौतुक करतात. पण ते खरे गलबत आहे, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही.

याच्या उलट मुंबईच्या गोदीतली गोष्ट पाहा. जमशेटजी बमनजी वाडियांनी मलबारी सागवानात बांधलेले 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरले. आज ते इंग्लंडात हार्टलपूलला आहे, अजून तरंगते. त्याचे आराखडे विलायतेहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले होते. ते जहाज १८१२ मध्ये अमेरिकनांनी नष्ट केले आणि कागदही गेले. मग काय, दुसरी प्रत पाठवली. माझे सगळे भांडण या दुसऱ्या प्रतीसाठी आहे. आपल्या सुतारांच्या हाताला वाडियांच्या सुतारांपेक्षा कमी येत होते असे नाही. पण त्यांचा आराखडा डोक्यात असे, आणि डोक्याची दुसरी प्रत निघत नाही.

नौदलाने अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून काथ्याने शिवलेले 'कौंडिण्य' बांधून घेतले आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते दाखल करून घेतले. त्याचाही मूळ आराखडा नव्हताच. चित्र समोर ठेवून, मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या घेऊन मग ते बांधावे लागले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या जहाजासाठी एवढी मेहनत झाली, याचा आनंदच आहे. मात्र कोकणच्या बंदरांत लाकडी होड्या अजून उलट्या घालून सडत पडल्या आहेत, त्यांना फूटपट्टी लावायला कोणी जात नाही. कोल्हापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत. दरवर्षी देवळे आणि वाडे मोजायला त्यांना नेतात, ते योग्यच. एका वर्षी देवगड-मालवणला नेऊन प्रत्येकाला एक होडी मोजायला लावावी. खर्च एसटीच्या भाड्याचा.

हे मी इतक्या तावातावाने लिहितो आहे, त्यामागे एक जुने प्रकरण आहे.

१९८७ मध्ये मी देवगड तालुक्यातल्या एका शाखेत होतो. एका मच्छीमाराचा नव्या लाकडी मचव्यासाठी कर्जाचा अर्ज आला. नियमाप्रमाणे अंदाजपत्रकासोबत आराखडा हवा. तो म्हणाला, बांधणारा सुतार आराखडा काढत नाही. मी म्हटले, मग सुतारालाच घेऊन या. आठ दिवसांनी सुतार आला. साठीचा, अंगात बंडी. त्याने टॉवेलात गुंडाळलेली फूटभर लांबीची लाकडी होडी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "सायबानू, ह्येचीच मापा घेवा. ह्योच माझो नकासो."

मी हसलो. वाईट हसलो नाही, पण हसलो. फायलीला लाकूड कसे टाचायचे? अर्जावर शेरा मारला, 'आराखडा जोडलेला नाही,' आणि कागद परत केला. मच्छीमार पुन्हा आला नाही. सुतार होडी न्यायलाही आला नाही. ती स्टेशनरीच्या कपाटावर राहिली, आणि बदली झाली तेव्हा सामानाबरोबर माझ्याकडे आली. आली म्हणजे मी आणली, सरळच सांगतो.

गलबत फसल्यावर ती ट्रंकेतून काढली. भिंग घेऊन बसलो. तळाच्या कण्यावर बारीक चरे होते, अर्ध्या अर्ध्या इंचावर. मोजले, चोवीस खाने. अर्ध्या इंचाला एक हात! चोवीस हातांचा मचवा. बरगड्या त्याच प्रमाणात, प्रत्येकीचा बाक निराळा. डावी-उजवी ताडून पाहिली तर केसाचा फरक नाही. आराखडा जोडलेला होता. मला वाचता येत नव्हता.

दोन महिने लावून त्याची सगळी मापे आलेख-कागदावर उतरवली. मग होडी आणि कागद घेऊन २०२२ च्या दिवाळीनंतर त्या गावी गेलो. सुतार कधीच गेला होता. मुलगा भेटला, तो फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो. मी सगळे सांगितले, काही लपवले नाही. तो रागावला नाही, मात्र चहा घ्या असेही लगेच म्हणाला नाही. होडी हातात घेऊन त्याने आतून बोट फिरवले आणि मध्येच थांबला.

"ही एक बरगडी खय गेली?"

ट्रंकेत कधीतरी मोडली असावी. तसे मी म्हणालो. त्याने घरातून सागाचा एक तुकडा आणला, पायाखाली दाबून धरला, पटाशी घेतली आणि माझ्याकडे पाहिले.

"माप काय?"

मी पिशवीतून कागद काढला.